धातूच्या काचेवरील ठसा

वितळलेला धातू गोठताना त्याचे अणू एरवी ओळीने रचले जाऊन स्फटिक बनतात. मात्र १९६० मध्ये कॅलिफोर्नियात पोल ड्यूवेझ व सहकाऱ्यांनी सोने-सिलिकॉनचा रस इतक्या झपाट्याने थंड केला, की अणूंना रांग धरण्यास उसंतच मिळाली नाही आणि धातूची काच जन्मली. हैदराबादेत जन्मलेल्या अनीसुर रहमान यांनी १९६४ मध्ये ८६४ आर्गॉन अणूंची हालचाल संगणकावर क्षणाक्षणाने मोजली, तर १९९५ मध्ये स्टीफन चौ यांनी साचा दाबून पॉलिमरवर २५ नॅनोमीटरचे ठसे उमटवले, म्हणजेच नॅनोमुद्रण साधले. संशोधनाच्या या तीन धारा एकत्र आल्यावर, साचा धातूच्या काचेच्या पातळ थरात रुतताना कोणते अणू सरकतात, हे संगणकात पाहता येऊ लागले. अशा संगणकीय प्रतिरूपणात जेमतेम काही नॅनोसेकंद मावत असल्याने साचा प्रत्यक्षापेक्षा कितीतरी वेगाने दाबावा लागतो. म्हणून प्रतिरूपणाचे निष्कर्ष प्रयोगाशी ताडूनच स्वीकारावेत.