फोटियसची टिपणें

महाविद्यालयांतील विद्यार्थ्यास एखादा वीस पानांचा विद्वत्ताप्रचुर लेख देऊन त्याचा सारांश एका पानांत लिहावयास सांगितलें, म्हणजे तें काम त्यास निव्वळ कारकुनी वाटतें. मूळ लेख ग्रंथालयांत असतोच. सारांश चुकला तर फार तर दोन गुण जावयाचे! परंतु मूळच नाहींसें झालें तर काय होतें, याची एक जुनी हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

नवव्या शतकांत कॉन्स्टॅंटिनोपल येथें फोटियस नांवाचा मोठा व्यासंगी पंडित होऊन गेला. तो तेथील ख्रिस्ती धर्मपीठाचा मुख्य झाला, पदच्युत झाला व पुनः त्याच पदावर चढला; पण त्या भानगडींशीं आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. आपल्या गैरहजेरींत वाचल्या गेलेल्या ग्रंथांची माहिती तारासियस या भावानें मागितली, म्हणून सुमारें २८० ग्रंथांचीं टिपणें त्यानें लिहून दिलीं. कांहीं दोन-चार ओळींचीं, तर कांहीं कित्येक पानांचीं. त्या ग्रंथांपैकीं पुष्कळ आज नष्ट झाले आहेत.

त्यांतच क्टीसियसचा हिंदुस्थानविषयक ग्रंथ आहे. हा ग्रीक वैद्य इ. स. पूर्वीं ४०० च्या सुमारास इराणच्या दरबारीं होता, आणि तेथें मिळालेल्या माहितीवरून त्यानें आमच्या देशाचें वर्णन केलें. फोटियसच्या टिपणांत आपणांस काय भेटतें? कुत्र्याच्या तोंडाचीं माणसें, माणसाच्या तोंडाचा नरभक्षक पशु, विष उतरविणाऱ्या शिंगाचें रानगाढव! आणि या मेळ्यांतच एक पक्षी, जो आपल्या देशाची भाषा बोलतो व शिकविल्यास ग्रीकहि बोलतो. हा तर आमचा घरोघरचा पोपट! क्टीसियसला गप्पीदास ठरविणें सोपें आहे, आणि पुष्कळांनीं तसें ठरविलेंहि. पण पिकें, बाजार, वाटा यांविषयीं त्यानें नीरस असें किती लिहिलें होतें? चमत्कार तेवढे वेंचावे ही हौस मूळ लेखकाची, कीं सारांशकाराची? आमच्या मतें कांहीं दोष फोटियसच्या पदरीं घातलाच पाहिजे.

पुढें १६६५ सालीं पॅरिस व लंडन येथें विद्वानांचीं नियतकालिकें निघालीं, लेखांचा पूर लोटला, आणि १९०७ सालीं अमेरिकेंत रसायनशास्त्रीय लेखांच्या सारांशांचेंच स्वतंत्र नियतकालिक सुरू झालें. आतां तर लेखाच्या माथ्यावर लेखक स्वतःच सारांश देतो, व पुष्कळ वाचक तेथेंच थांबतात.

फोटियसची एक गोष्ट मात्र वाखाणण्यासारखी आहे. टिपणांत पुनः पुनः 'तो म्हणतो कीं' असें येतें. विधान क्टीसियसचें, आपलें नव्हे, ही खूण तो ठेवितो. आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत हें 'म्हणतो' बहुधा पहिल्या चार ओळींतच गळून पडतें, आणि लेखकानें भीत भीत लिहिलेलें 'असावें' तेथें बेधडक 'आहे' होऊन बसतें.