शैशवाची जबानी

व्हिएन्ना शहराच्या नवव्या विभागात बर्गगासे नावाची एक उतरती गल्ली आहे. तीतील १९ क्रमांकाच्या घरात सिगमंड फ्रॉइड हा मज्जाविकारांचा वैद्य १८९१ साली राहावयास आला, आणि नाझींच्या अमलामुळे १९३८ च्या जूनमध्ये परागंदा होईपर्यंत त्याचा मुक्काम तेथून हलला नाही. तान्हेपणापासून प्रौढत्वापर्यंत मनाची वाटचाल ठरावीक अवस्थांतून होते, हा जो सिद्धांत आज मानसशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांतून पाच रकान्यांच्या कोष्टकात कोंबलेला आढळतो, त्याचे जन्मस्थान हेच घर. आणि नवलाची गोष्ट ही की, तेथल्या गालिचा पसरलेल्या कोचावर शैशवाविषयी जी जबानी वर्षानुवर्षे घेतली गेली, ती देणारे जवळजवळ सारे जाणते स्त्रीपुरुष होते.

१९०५ साली फ्रॉइडने लैंगिकतेच्या उपपत्तीवर तीन निबंध प्रसिद्ध केले. बुडापेस्टच्या लिंडनर नामक बालवैद्याने १८७९ मध्येच अंगठा चोखणाऱ्या मुलांचे बारकाईने वर्णन करून ठेवले होते. पोट भरलेले असतानाही मूल चोखतच राहते, तेव्हा त्या चोखण्यात भुकेहून निराळे असे काही सुख असले पाहिजे, हा धागा फ्रॉइडने तेथून उचलला. सभ्य समाजाला तो रुचला नाही, आणि पुस्तकाच्या हजार प्रती खपावयास चार वर्षांहून अधिक काळ लागला. परंतु आपण ज्यांना मुखावस्था, गुदावस्था, लिंगावस्था म्हणून ओळखतो त्यांची उतरंड त्या पहिल्या आवृत्तीत धुंडाळली तरी सापडावयाची नाही. व्यवस्थितपणा, काटकसर आणि हट्ट या तीन गुणांचा संबंध मलविसर्जनाच्या शिस्तीशी जोडणारा लेख १९०८ चा. मुखावस्था आणि गुदावस्था यांचे प्रकरण मूळ पुस्तकात शिरले ते १९१५ च्या आवृत्तीत. लिंगावस्थेची भर पडली १९२३ मध्ये. आणि पुढल्याच वर्षी बर्लिनच्या कार्ल आब्राहाम या मनोविश्लेषकाने यांतील प्रत्येकीचे पुन्हा दोन भाग पाडले. मधल्या सुप्तकाळाचे नाव तर फ्लीस या मित्राकडून उसने घेतलेले. एखाद्या जुन्या वाड्याला गरजेप्रमाणे पडवी, माजघर, माडी चढत जावी, तसे हे बांधकाम आहे. आराखडा मागाहून काढलेला.

बर्गगासेतल्या या घरी १९०२ पासून दर बुधवारी रात्री मंडळी जमत. आरंभीच्या चौघा निमंत्रितांत आल्फ्रेड आडलर होता, ज्याच्या विचारातून आलेला ‘न्यूनगंड’ हा शब्द आज आपल्याकडे कट्ट्यावरची मुलेही सहज वापरतात. पुढे त्या बैठकीत माक्स ग्राफ हा संगीतसमीक्षक येऊ लागला, आणि त्याच्यामुळे एका खऱ्याखुऱ्या मुलाचा या दफ्तरात प्रवेश झाला. ग्राफचा मुलगा हेर्बर्ट, ज्याला फ्रॉइडने ‘लहानगा हान्स’ असे टोपणनाव दिले, सुमारे पाच वर्षांचा असताना घोड्यांना भिऊन रस्त्यावर जाईना. घरासमोर जकातीची मोठी वखार. माल लादलेल्या गाड्या फाटकातून वळत, आणि त्या वळताना घोडा कोसळेल या धास्तीने पोर कासावीस होई, कारण बसगाडीचा एक मोठा घोडा पडून टापा झाडताना त्याने पाहिला होता. बाप मुलाशी झालेले संभाषण तपशीलवार टिपून प्रोफेसर फ्रॉइडकडे पाठवी. या घोड्यात बापाचीच मूर्ती पाहून फ्रॉइडने १९०९ मध्ये ईडिपस गंडाचा, म्हणजे आईच्या ओढीने मुलाला बापाविषयी वाटणाऱ्या मत्सराचा आणि भीतीचा, जो मोठा दाखला जगापुढे मांडला, त्यासाठी त्याने मुलाला समक्ष पाहिले ते एकदाच, ३० मार्च १९०८ रोजी. परत जाताना मुलाने बापाला विचारले की, प्रोफेसर देवाशी बोलतात काय. मला तर त्या सबंध प्रबंधात हा प्रश्नच सर्वांत शहाणा वाटतो! एकोणीस वर्षांचा होऊन तो १९२२ मध्ये फ्रॉइडला भेटावयास आला तेव्हा धडधाकट होता, आणि स्वतःची हकीकत वाचूनही त्याला तीतले जवळजवळ काही आठवले नाही.

मुलांमध्ये प्रत्यक्ष बसून पाहण्याचे काम पुढच्या पिढीने केले. फ्रॉइडची कन्या ॲना आणि तिच्या मैत्रिणींनी व्हिएन्नाच्या हीट्झिंग भागात काढलेल्या छोट्या शाळेत १९२७ साली एरिक हा भटक्या चित्रकार मुलांना शिकवावयास आला. पदवी नाही, बापाचा ठावठिकाणा नाही. ॲनाकडेच त्याचे मनोविश्लेषण झाले. १९३३ मध्ये तो अमेरिकेस गेला, पुढे त्याने एरिक्सन हे आडनाव धारण केले, आणि १९५० च्या ‘चाइल्डहुड अँड सोसायटी’ या ग्रंथात वयात येण्यापाशी थांबलेली फ्रॉइडची वाट वार्धक्यापर्यंत नेऊन तिचे आठ टप्पे केले. तान्ह्या मुलाच्या तोंडाकडे पाहण्याऐवजी त्याने पाहिले ते आई नजरेआड झाली असता ते रडत सुटते की ती येईल या भरवशावर खेळत राहते, याकडे.

या वाटेवरचा शेवटचा, वार्धक्याचा आठवा टप्पा मात्र त्याने आपल्या पन्नाशीच्या आत लिहिला होता. १९९४ मध्ये तो वारला. आणि नव्वदी ओलांडलेल्या त्याच्या पत्नीने, जोन एरिक्सनने, शरीर साथ देईनासे झाले म्हणजे त्या टप्प्याचे काय होते हे अंगावर अनुभवून, १९९७ मध्ये निघालेल्या त्याच्या दुसऱ्या एका पुस्तकाच्या वाढीव आवृत्तीत नववा टप्पा स्वतःच्या हाताने जोडला.