कायद्याने राखलेले घर
लंडनमधल्या लिंकन्स इन फील्ड्स या जुन्या चौकातले १३ क्रमांकाचे घर वास्तुविशारद सर जॉन सोन यांनी १८१२ मध्ये स्वतःसाठी बांधायला घेतले. पोर्टलंड दगडाचा दर्शनी भाग रांगेतल्या घरांच्या पुढे आला, म्हणून त्या भागाच्या इमारत-निरीक्षकाने त्यांना कोर्टात खेचले; निकाल सोन यांच्या बाजूने लागला. पुढे १८३३ मध्ये पार्लमेंटनेच खास कायदा करून, हे घर त्यांच्या मृत्यूसमयी असेल तसेच शक्यतो राखायचे आणि सर्वांना विनामूल्य पाहू द्यायचे, असे ठरवले. सोन यांच्या मुलाचा वारसा डावलून एका माणसाची हौस कायद्याने का जपावी, आणि गोठवलेले घर हे घर उरते का, असा आक्षेप घेता येतो. मुलाचे दुःख खरेच होते. पण दुसरा पुरावा पाहा. सोन यांनी ४५ वर्षे खपून घडवलेल्या बँक ऑफ इंग्लंडच्या इमारतीला असा कायदा लाभला नाही. दोन महायुद्धांच्या दरम्यान ती आतून जवळजवळ सगळी पाडली गेली. मुख्यतः बाहेरची भिंत उरली. कर्त्याच्या कीर्तीने इमारत वाचत नाही, कायद्याने वाचते. छतातून उजेड झिरपवण्याची सोन यांची कला आज या घरातल्या न्याहारीच्या खोलीत उभे राहून पाहता येते, आणि तिथे प्रवेशाला अजूनही पैसे पडत नाहीत.