टाइपरायटरच्या बटणांचे डूल

मागच्या रविवारी कपाट आवरताना बायकोच्या जुन्या डब्यात एक डूल सापडला. एकच. दुसरा लोकलच्या गर्दीत गेला म्हणे. डूल म्हणजे काय, तर जुन्या टाइपरायटरचं गोल काळं बटण, त्यावर पांढरं अक्षर आणि वर चांदीची आकडी. २००९ साली एट्सीवरून मागवला होता. तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं, सोनं सोडून हे भंगार काय घातलंयस कानात?"

असो. त्या डुलामागची गोष्ट आमच्या धंद्याच्या जवळची आहे, म्हणून लिहितोय.

रॉब केलिनला सुतारकामाचा नाद. त्याने लाकडी खोक्यात बसवलेला एक कॉम्प्युटर तयार केला, पण तसली वस्तू विकायची कुठे? मग क्रिस मॅग्वायर आणि हाइम शॉपिक यांना घेऊन त्याने जून २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एट्सी सुरू केली. पुढे बरीच वर्षं हिशोब साधा होता. वस्तू मांडायला २० सेंट, आणि विकली गेली तर साडेतीन टक्के. घड्याळाची चाकं, बटणं, काचेचे तुकडे, कशाचेही दागिने करणाऱ्या बायकांना (हो, बहुतेक बायकाच) दुकानाचं भाडं न भरता दुकान मिळालं.

सुरुवातीला तिथे रंगावरून वस्तू शोधायची सोय होती. जांभळ्यावर क्लिक करा, जांभळं काहीबाही समोर हजर! काय हवंय हेच माहीत नसणाऱ्या माणसासाठी याहून चांगला सर्च मी तरी पाहिलेला नाही.

पण खरी गंमत साध्या सर्चची. यादीत सगळ्यात नवी वस्तू सगळ्यात वर. म्हणजे तुम्ही कितीही सुंदर अंगठी करा, तासाभरात ती खाली ढकलली जाणार. त्यावर उपाय एकच, पुन्हा २० सेंट भरून ती 'नवी' करायची. लोक दिवसातून चारचारदा हे करायचे. २०११ मध्ये कंपनीने हा क्रम बदलून शोधाशी जुळणाऱ्या वस्तू वर आणल्या. गिऱ्हाईकाचं भलं झालं, पण कित्येकांची दुकानं एका रात्रीत दिसेनाशी झाली. आपण 'डिफॉल्ट सॉर्ट' म्हणून एक ओळ बदलतो आणि घरी जातो. त्या ओळीवर कुणाचा तरी महिन्याचा किराणा अवलंबून असतो, हे कोड रिव्ह्यूमध्ये कुणी विचारत नाही.

मग आला 'हाताने केलेलं' म्हणजे नक्की काय, हा वाद. २०१३ मध्ये एट्सीने परवानगी घेऊन बाहेरच्या कारखान्यातून काम करून घ्यायला मुभा दिली. जुने विक्रेते भडकले. मला विचाराल तर प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. आपल्याकडे सोनार मणी घडवतो आणि पटवेकरी ते गाठवतो, तरी दागिना हाताचाच म्हणतो ना आपण? दिवसाला पन्नास ऑर्डरी आल्या तर दोन हात पुरणार कसे? पण एकदा दार किलकिलं केलं की कोण कोण आत शिरतं, तेही खरंच.

एप्रिल २०१५ मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली आणि मालक बदलले म्हणा ना. २०१८ मध्ये साडेतीनाचे पाच टक्के झाले, २०२२ मध्ये साडेसहा. त्या एप्रिलमध्ये हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर दुकानं बंद ठेवली. वाढ काही मागे घेतली गेली नाही.

आणखी एक. टाइपरायटर जमवणारे लोक आमच्या या डुलांवर खार खाऊन असतात. बटणं उपटली की चालू मशीन कायमचं मेलं. हे मला फार उशिरा कळलं :-(

उरलेल्या डुलाचं आता पेंडंट करायचंय. परवा गल्लीतल्या सोनाराकडे नेला. त्याने चष्मा वर करून उलटसुलट पाहिला, तराजूवर ठेवला आणि विचारलं, "साहेब, यात वजन कशाचं धरू?"