हमीद: खाडीनं आलेलं नाव

वाशिष्ठी दाभोळला समुद्राला मिळते. भरती धरून खाडीनं वर गेलं की चिपळूणचं जुनं बंदर, गोवळकोट. आणि चिपळूणच्याच परिसरात मिरजोळी, समाजसुधारक हमीद दलवाईंचं गाव. ‘हमीद’ नावाची कुळकथा सांगायची तर ती या पाण्यानं सांगावी, असं माझं मत आहे. शब्द अरबी. ह-म-द या धातूपासून महंमद, अहमद, महमूद ही सगळी भावंडं निघाली. मूळ भाषेत ‘हमीद’ म्हणजे स्तुतीस पात्र आणि ‘हामिद’ म्हणजे स्तुती करणारा. प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ कथेतला चिमटा विकत घेणारा पोरगा दुसऱ्या जातीचा, हामिद. मराठी कानानं हा फरक केव्हाच पुसून टाकला. आता कोणी म्हणेल, अरबी नावं बिदर-विजापूरच्या दरबारांतून घाट उतरून आली, त्यात दाभोळचं काय? काही आली असतीलच. दाभोळही बहमनी आणि आदिलशाही अमलात होतंच. पण घाटावरचे मुसलमान बहुतांशी हनफी पंथाचे, आणि कोकणी मुसलमान शाफई, म्हणजे अरबी किनाऱ्याशी व्यापार करणाऱ्या मलबारसारख्या बंदरपट्ट्यांत रुजलेल्या पंथाचे. दरबार हाच एकमेव उगम असता तर हा भेद उरला नसता. दाभोळात अरबस्तानातून घोडे उतरत, असं 15व्या शतकात अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्यानंही लिहून ठेवलं आहे. घोड्यांबरोबर माणसं आली आणि माणसांबरोबर नावं.

इथवर झाला उगम. पण नावाचं कुळ उगमापाशी संपत नाही. ते धारण करणाऱ्यांमुळे वाढतं किंवा खुंटतं. 1960च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताची हॉकीतली सलग सहा सुवर्णांची मालिका मोडणाऱ्या पाकिस्तानी संघाचा कर्णधार अब्दुल हमीद. रेडिओवर ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ रंगवणारे हमीद सयानी, अमीन सयानींचे थोरले भाऊ. उलट हमीद अली खान या हैदराबादी नटानं पडद्यासाठी नाव टाकलं आणि तो ‘अजित’ झाला. ‘कालीचरण’मधला लायन हमीद असू शकतो, हे प्रेक्षकांच्या गावीही नव्हतं. सिनेमाच्या धंद्यानं झाकलेलं हे नाव महाराष्ट्रात मात्र एका बापानं उघड उचललं. शिवाजी विद्यापीठाच्या कबड्डी संघाचे कर्णधार, पुढे ‘साधना’चे संपादक झालेले नरेंद्र दाभोलकर यांनी मुलाचं नाव हमीद ठेवलं, ते दलवाईंवरून. 1966 साली तोंडी तलाकविरोधात सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत काढणाऱ्या आणि 1970 साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापणाऱ्या माणसाचं हे नाव होतं. एका घराच्या निवडीवरून परंपरा सिद्ध होते का, हा आक्षेप रास्त आहे. पण आदरापोटी नाव उचलण्याची रीत काही नवी नव्हती: रमेश तेंडुलकरांनी धाकट्याला सचिन हे नाव सचिनदेव बर्मन यांच्यावरून दिलं. दाभोलकरांनी तीच रीत धर्माच्या कुंपणापलीकडे नेली. एवढ्यानं ‘हमीद’चा मराठीतला अर्थ बदलला, स्तुतीपेक्षा सुधारणेशी त्याचं नातं जुळलं.

राहता राहिलं आडनाव. दाभोलकर म्हणजे दाभोळचे, असं म्हणून वर्तुळ पुरं करण्याचा मोह होतो. पण वेंगुर्ल्याजवळ दाभोली नावाचंही गाव आहे, तेव्हा तो पुरावा मी धरत नाही. हमीद मात्र वाशिष्ठीकाठचाच.