मंडळी आणि इमारत : लेस्टरमधील एका चर्चचा इतिहास

मराठी गद्याच्या इतिहासात विल्यम कॅरी हे नाव येते ते १८०५ चे व्याकरण आणि १८१० चा कोश यांच्या निमित्ताने. स्थळ असते बंगालमधील श्रीरामपूर. त्याआधीचा कॅरी मात्र आपण सहसा विचारात घेत नाही. तो शोधायचा तर इंग्लंडमधील लेस्टर गाठावे लागते. तेथील हार्वे लेनवरच्या बॅप्टिस्ट चर्चचा तो १७८९ ते १७९३ या काळात धर्मोपदेशक होता.

मराठी ख्रिस्ती परिभाषेत ‘चर्च’साठी ‘मंडळी’ असा एक नेमका शब्द आहे. तो इमारतीविषयी बोलत नाही, माणसांविषयी बोलतो. बॅप्टिस्टांची धारणाही तशीच. बाप्तिस्मा अर्भकाला नव्हे, तर स्वतः श्रद्धा प्रकट करणाऱ्या व्यक्तीला. आणि प्रत्येक मंडळी आपला कारभार आपणच पाहणारी. हार्वे लेनची मंडळी कॅरी आला तेव्हा अंतर्गत कलहाने पोखरलेली होती. १७९० मध्ये त्याने ती सरळ विसर्जित केली आणि नव्या करारनाम्यावर पुन्हा उभी केली. इमारतीची वीटही हलली नाही. तरीही चर्च मोडले आणि पुन्हा घडले!

मूळचा चांभारकाम करणारा हा उपदेशक तुटपुंज्या मिळकतीला शाळेची जोड देत होता आणि भाषा शिकत होता. मिशनकार्याचा पुरस्कार करणारी त्याची पुस्तिका १७९२ मध्ये लेस्टरलाच छापली गेली. पुढच्याच वर्षी तो बंगालकडे निघाला.

त्याच्यामागे हार्वे लेन ओस पडली नाही. १८०७ पासून रॉबर्ट हॉल या विख्यात वक्त्याची प्रवचने ऐकायला इतकी गर्दी लोटू लागली की इमारत वाढवावी लागली. पुढे तीही अपुरी पडली. १८४५ मध्ये मंडळीचा मोठा भाग बेल्व्हॉर स्ट्रीटवरील नव्या वास्तूत गेला. तिचा वास्तुकार जोसेफ हॅन्सम. भाड्याच्या घोडागाडीला ज्याचे नाव मिळाले तोच, आणि धर्माने कॅथलिक! वास्तूचा गोल आकार पाहून गावकऱ्यांनी तिला एका खाद्यपदार्थाचे नाव दिले : ‘पोर्क पाय चॅपेल’.

विसाव्या शतकात ही मंडळीही तेथून गेली आणि वास्तू प्रौढ शिक्षणाच्या कामी आली. तिला आता ‘हॅन्सम हॉल’ म्हणतात. हार्वे लेनचे जुने चॅपेल आज उभे नाही. कॅरीचे घर काही काळ संग्रहालय म्हणून जपले गेले, पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील शहराच्या पुनर्रचनेत तेही पाडले गेले.

याची हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. तरीही आम्हाला वाटते, हार्वे लेनचा इतिहास आपल्याला आणखी एक प्रश्न विचारतो. ‘कॅरीचे व्याकरण’, ‘कॅरीचा कोश’ असे आपण म्हणतो तेव्हा आपणही इमारतीवरची पाटीच वाचत असतो. मोडी टाइपात छापलेल्या त्या कोशामागे वैजनाथ पंडितांसारखे मराठीचे जाणकार होते. तीही एक मंडळीच होती. लेस्टरला इमारती गेल्या, पण मंडळीची नोंद राहिली. आपल्याकडे ग्रंथ राहिले. मंडळीची नोंद मात्र आपण एका नावावर भागवली. वर्गात १८०५ हे साल सांगताना एवढी दुरुस्ती तरी आपल्या हातून व्हावी.