सातारा (शहर)

सातारा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आणि १७०८ ते १८४८ या काळातील मराठी छत्रपतींची राजधानी. लोकसंख्या १,२०,१९५ (२०११). पुण्याच्या दक्षिणेस सुमारे ११० किमी. अंतरावर, अजिंक्यतारा किल्ल्याच्या उत्तरेकडील उतारावर हे शहर वसले असून त्याच्या पश्चिमेस यवतेश्वरचे पठार, उत्तरेस वेण्णा नदीचे खोरे आणि पूर्वेस सुमारे ५ किमी. वर माहुली येथे कृष्णा-वेण्णा संगम आहे. किल्ल्याच्या सतरा बुरुजांवरून किंवा तटांवरून ‘सातारा’ हे नाव पडल्याची समजूत रूढ आहे. तिला लोकव्युत्पत्तीपलीकडे महत्त्व देता येत नाही.

किल्ला बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज याने बांधला, असे मानले जाते. शिवाजी महाराजांनी तो १६७३ मध्ये घेतला. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबाने त्यास वेढा घातला, तेव्हा किल्लेदार प्रयागजी प्रभू फणसे यांनी सुमारे साडेचार महिने तो लढवला. मोगलांनी तटाखाली पेरलेल्या सुरुंगांपैकी एक त्यांच्याच फौजेवर उलटला आणि शेकडो माणसे ढिगाऱ्याखाली गाडली गेली. एप्रिल १७०० मध्ये किल्ला मोगलांकडे जाऊन त्याचे नाव ‘आझमतारा’ झाले. ताराबाईंनी तो परत मिळवल्यानंतर ‘अजिंक्यतारा’ हे नाव रूढ झाले. १२ जानेवारी १७०८ रोजी येथे शाहू छत्रपतींचा राज्याभिषेक झाला. त्यांनी पुढे किल्ल्याच्या पायथ्याशी जी वस्ती उभी केली ती शाहूनगर, म्हणजेच आजच्या जुन्या साताऱ्याचा गाभा. कारभाराचे केंद्र पेशव्यांबरोबर पुण्यास गेले, तरी पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहूनच दिली जात, आणि म्हणून या शहरास केवळ नावापुरती राजधानी म्हणणे योग्य नाही.

शहराची मांडणी समजून घेण्यास दिशांपेक्षा चढउतार अधिक उपयोगी पडतो. किल्ल्याकडून वेण्णेकडे जमीन पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाते आणि मुख्य रस्ते त्या उतारास आडवे, पूर्व-पश्चिम काढलेले आहेत. त्यांपैकी राजवाड्यापासून मोती चौक, कमानी हौद यांवरून पोवई नाक्याकडे जाणारा राजपथ हा ‘वरचा रस्ता’ आणि त्यास समांतर असलेला कर्मवीर पथ हा ‘खालचा रस्ता’. स्थानिक लोक पत्ता सांगताना आजही हेच शब्द वापरतात. दोन्हींना जोडणारे बोळ इतके चढाचे आहेत, की अनेक जुन्या घरांत पुढच्या दाराने शिरलेला मजला मागील अंगास वरचा मजला ठरतो. पेठांपैकी काहींना वारांची (शनिवार, मंगळवार, गुरुवार), तर काहींना व्यक्तींची नावे (यादोगोपाळ, सदाशिव, प्रतापगंज) आहेत. रामाचा गोट, पंताचा गोट या नावांतील ‘गोट’ म्हणजे फौजेचा किंवा सरदाराच्या लवाजम्याचा तळ. राजधानीची लष्करी वस्ती कोठे होती, याची ही नावे साक्ष देतात. सांगलीशी तुलना केल्यास उताराचे हे महत्त्व स्पष्ट होते: पटवर्धनांची ती राजधानी कृष्णाकाठच्या सपाटीवर गणेशदुर्ग या भुईकोटाभोवती वाढली, त्यामुळे तेथे वस्तीला मर्यादा पडते ती पुराच्या पाण्याची.

पाण्याचा प्रश्नही उतारानेच सोडवला. यवतेश्वरच्या डोंगरातील पाणी नळांनी शहरातील तळ्यांत व हौदांत खेळवले जाई; ब्रिटिश अमदानीत सुमारे २५ किमी. अंतरावरील कास तलावातून उघड्या पाटाने पाणी आणले गेले. वरून येणारे पाणी पंपाविना पेठांत पोहोचावे, ही त्यामागील योजना नगररचनेचा फार चांगला नमुना आहे, आणि हे जुने हौद जपण्यासारखे आहेत.

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यानंतर प्रतापसिंह छत्रपतींनी (कारकीर्द १८०८–३९) शहरास आजचे रूप दिले. जुना राजवाडा त्यांच्या काळातील असून त्याशेजारचा नवा राजवाडा त्यांचे बंधू आप्पासाहेब यांच्या कारकिर्दीत पूर्ण झाला. किल्ल्याच्या उतारावरील ‘चार भिंती’ ही वास्तू राणीवशास दसऱ्याची मिरवणूक पाहता यावी म्हणून बांधल्याचे सांगतात. १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून बनारसला पाठवण्यात आले. १८४८ मध्ये आप्पासाहेब निधन पावल्यावर गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. जुन्या राजवाड्यातील सरकारी शाळेत (पुढे प्रतापसिंह हायस्कूल) ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर यांचे नाव दाखल झाले. हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. राजवाड्याच्या भिंतींनी पाहिलेल्या घटनांत याहून मोठी घटना क्वचितच सापडेल. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेचे (स्था. १९१९) मुख्यालय १९२४ पासून येथे आहे.

नगरपालिकेची स्थापना १८५३ ची. सदरबझार ही छावणीची वस्ती पोवई नाक्यापलीकडे वाढली. २०२० मध्ये हद्दवाढ होऊन शाहूपुरी, विलासपूर आदी उपनगरे शहरात आली. वर दिलेली लोकसंख्या त्यापूर्वीची आहे. पुणे-मिरज लोहमार्गावरील स्थानक माहुलीजवळ, तर पुणे-बंगळूर महामार्ग शहराच्या पूर्वेकडून जातो.

औद्योगिक वसाहत महामार्गालगत आहे. साखर कारखाना शेंद्रे येथे. कंदी पेढे प्रसिद्ध.